अर्धवट राहिलेलं स्क्रोल सॉचं काम पुन्हा हातात घेताय? मग या चुका टाळा

कपाटावरून अर्धं कापलेलं जाळीकाम खाली काढायचं, फुंकर मारून धूळ उडवायची आणि थेट स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक ब्लेड वर-खाली हलवून लाकडात नक्षी कापणारं मशीन, चालू करून जिथे थांबलो होतो तिथूनच कापायला घ्यायचं, हे इतक्या लोकांना करताना पाहिलंय की आता काही बोलायचं नाही असं ठरवलं तरी तोंड उघडतंच. वर्षभर पडून राहिलेलं लाकूड तेव्हाचं राहिलेलं नसतं, मशीनचं सेटिंग कोणीतरी हलवलेलं असतं आणि तुमचा हात तर हमखास विसरलेला असतो. पण घाई इतकी की पाच मिनिटं तपासायला नकोत.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे पॅटर्न, म्हणजे लाकडावर चिकटवलेला नक्षीचा कागद, पुन्हा प्रिंट करून चिकटवणं. जुना कागद पिवळा पडलेला असतो, कडा सुटलेल्या असतात, म्हणून लोक तो ओरबाडून काढतात, फाइल शोधतात, प्रिंट मारतात आणि चिकटवून मोकळे. ओळखीच्या एका गृहस्थांचं मोठं जाळीचं पॅनल होतं, 300 मिमी रुंद, निम्म्याहून जास्त कापून झालेलं. त्यांनी नवीन प्रिंट काढली तेव्हा प्रिंटरने आपणहून 'पानात बसवा' करून ती 97 टक्के केली. डोळ्याला काही कळत नाही हो, पण 300 चे 291 झाले, म्हणजे एका कडेला जुळवलं की दुसऱ्या कडेला 9 मिमीचा घोळ. त्यांनी मध्यावर जुळवलं आणि म्हणाले की फरक दोन्हीकडे वाटला जाईल. वाटला गेला खरा! पण जाळीत दोन भोकांमधली पट्टीच जेमतेम 3 मिमीची असते, तिथे रेष तेवढी सरकली की पट्टी उरतेच कुठे. दोन पट्ट्या कापतानाच तुटल्या, तिसरी पॉलिश पेपर मारताना गेली, आणि वर मलाच विचारतात की प्लाय हलकं होतं का.

मी काय करतो ते सांगतो. जुना कागद जागेवर असेल तर तो काढायचाच नाही, फक्त सुटलेल्या कडा ग्लू स्टिकने दाबायच्या आणि वरून पारदर्शक पॅकिंग टेप लावायची, टेपमुळे कापताना लाकूड जळण्याचं प्रमाणही कमी होतं. कागद अगदीच गेला असेल तर कापलेल्या तुकड्यावर पातळ कोरा कागद ठेवून आडव्या पेन्सिलीने घासायचं, भोकांच्या कडा जशाच्या तशा उमटतात. मग नवीन प्रिंट त्या ठशावर ठेवून, उजेडासमोर धरून जुळते का बघायचं. नाही जुळली तर प्रिंटचं माप बदलायचं, लाकडावर जुळवाजुळव करत बसायचं नाही. कागद ओरबाडण्याबद्दल एकच सांगतो, आधी हेअर ड्रायरने गरम करा नाहीतर थिनरने भिजवा, आणि थिनर पूर्ण उडेपर्यंत वर काहीही लावू नका.

दुसरी लाडकी चूक म्हणजे मशीनला लावलेलं जुनंच ब्लेड. 'धार आहे की अजून.' अहो, इतके महिने ताणलेलं राहिलंय, वर गंजाचे ठिपके आलेत, ते नेमकं नाजूक कोपऱ्यात तुटणार. सगळ्या कामात ब्लेड ही सगळ्यात स्वस्त वस्तू आणि लोक नेमकी तिथेच काटकसर करतात. नवीन लावताना दात खाली बघणारे हवेत, खालचे थोडे दात उलटे असलेलं ब्लेड असेल तर ते वरच्या टोकाला गेल्यावर उलटे दोन-तीन दातच टेबलाच्या वर आले पाहिजेत. ब्लेडवर कारखान्याचं तेल असतं, त्यामुळे ते पकडीतून सटकतं आणि माणूस स्क्रू आवळत बसतो, त्यापेक्षा टोकं स्पिरिटने पुसा. ताण किती हवा ते मी कानाने ठरवतो, बोटाने छेडल्यावर स्वच्छ 'टिंग' आला पाहिजे, 'थड' आला तर ढिलं आहे.

टेबल गुण्यात, म्हणजे ब्लेडशी काटकोनात, आहे का हे त्याच्या खालच्या अंशांच्या पट्टीवरून ठरवू नका. जाड तुकड्यात थोडा काप घ्या, तुकडा फिरवून तोच काप ब्लेडच्या मागच्या बाजूने आत सरकवा, न अडता गेला तर काटकोन बरोबर. मात्र काम इनलेचं, म्हणजे एका लाकडात दुसऱ्या लाकडाचा तुकडा बसवायचं, असेल तर थांबा, ते टेबल तिरकं करून कापलेलं असतं आणि इथे 90 करून बसलात तर उरलेले तुकडे बसणारच नाहीत. आधी कापलेल्या तुकड्याची कड ब्लेडला टेकवून टेबल तेवढंच तिरकं करा. एवढं करून झालं की तो अंश आतातरी तुकड्याच्या मागे लिहून ठेवा, ब्लेडच्या नंबरासकट.

नवीन ब्लेड सरळ रेषेत जात नाही, बहुतेक ब्लेडांच्या एका बाजूला बारीक बूर, म्हणजे धातूची खरखरीत कड, असतो म्हणून काप एकीकडे ओढला जातो आणि लाकूड जरा तिरकं धरूनच ढकलावं लागतं. किती तिरकं, हे हातात असतं आणि तेच आधी जातं. म्हणून तेवढ्याच जाडीच्या भंगार तुकड्यावर एक नागमोडी रेष, एक गोल, एक टोकदार कोपरा. तिन्ही नीट येईपर्यंत मूळ कामाला हात लावायचा नाही. याचा कंटाळा येतो म्हणणाऱ्यांनी दुसरा छंद बघावा, राग नको.

एकावर एक प्लायचे तुकडे ठेवून कापत होतात तर जुन्या टेपचा गोंद सुकलेला असतो, तुकडे सरकतात. पाडलेल्या भोकांत ड्रिलचे बिट खुपसून सगळे जुळवा आणि मगच नवीन टेप मारा.

प्लायला बाक आला असेल तर खोलगट बाजू किंचित ओली करून सपाट जागी वजनाखाली ठेवा. टेबलावर थडथडणारं लाकूड हाताने दाबून कापू नका, ब्लेड अडकतं आणि बोट तिथेच असतं.

बाहेरची कड शेवटीच. 'काहीतरी पूर्ण झाल्यासारखं वाटतं' म्हणून ती आधी कापणारे बरेच भेटलेत, नंतर आतलं कापताना धरायला काही उरत नाही.

जुने आणि नवे तुकडे शेजारी बसणार असतील तर रंग वेगळा दिसेल, उजेडाने लाकूड बदलतं. सगळ्यांना एकत्रच पॉलिश पेपर मारा.

शेवटी लाकडाला लावायचं डब्यातलं जवसाचं तेल घट्ट झालं असेल तर फेकून द्या, पातळ करून वापरू नका. आणि तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकायची नाहीत, ती आपोआप तापून पेट घेतात, एकेक पसरून बाहेर वाळवा.