हाड जिवंत असतं: सांगाड्याबद्दलच्या या चुका टाळा

वर्गात तारेने जोडून टांगलेला सांगाडा एकदा पाहिला की मनात घर करून बसतो: पांढरा, कोरडा, कडक. हाडांबद्दलचे बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात. जिवंत शरीरातलं हाड ओलसर आणि गुलाबीसर असतं. त्यात रक्तवाहिन्या खेळत असतात. वरच्या पातळ आवरणात चेतातंतूंचं दाट जाळं असतं, म्हणून तर नडगीवर मार बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. वजनाने पाहिलं तर हाडाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिजांचा, बाकीचा मुख्यतः कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचा आणि पाण्याचा. खनिजांमुळे ते कडक राहतं आणि कोलॅजनमुळे चिवट. हाड आम्लात बुडवून त्यातली खनिजं विरघळवली तर उरलेलं हाड हाताने वाकवता येतं. उलट भाजून कोलॅजन जाळलं तर आकार तसाच राहतो, पण दाबताच भुगा होतो.

वाढ थांबली म्हणजे हाडाचं काम संपलं, असं मानू नका

उंची वाढायची थांबते, हाड घडायचं थांबत नाही. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुनं हाड विरघळवतात, मागोमाग ऑस्टिओब्लास्ट तिथे नवं हाड रचतात. हाडाच्या आत अडकलेल्या ऑस्टिओसाइट पेशी ताण कुठे पडतोय ते ओळखतात आणि डागडुजी कुठे हवी ते ठरवतात. एका जागेची डागडुजी पुरी व्हायला काही महिने लागतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे 10 टक्के भाग दर वर्षी असा नव्याने घडतो.

जिथे भार पडतो तिथे हाड भरतं, भार गेला की झिजतं. हा नियम युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने 1892 साली मांडला. लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेट धरणाऱ्या हाताची हाडं दुसऱ्या हातापेक्षा जाड झालेली दिसतात. अंतराळवीरांच्या बाबतीत नेमकं उलटं होतं. वजनरहित अवस्थेत त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला 1 ते 1.5 टक्क्यांनी घटते.

म्हणूनच ‘हाडं जपायची’ म्हणून हालचाल कमी करणं ही मला सगळ्यांत घातक चूक वाटते. चालणं, जिने चढणं, उड्या, वजन उचलणं यांतून हाडाला जो भार मिळतो तो त्याला हवाच असतो. पोहणं आणि सायकल चालवणं हृदयासाठी उत्तम, पण त्यात हाडांवर शरीराचा भार फारसा येत नाही, म्हणून तेवढ्यावर थांबू नये. ज्यांची हाडं आधीच ठिसूळ झाली आहेत त्यांनी मात्र व्यायाम डॉक्टरांना विचारून ठरवावा. कमरेत पुढे वाकून वजन उचलल्याने अशा लोकांचा मणका दबू शकतो.

रक्तातलं कॅल्शियम ठीक आहे म्हणजे हाडंही ठीक, असा अर्थ काढू नका

हा गैरसमज शिकल्यासवरलेल्यांतही सर्रास दिसतो. शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं, प्रौढ माणसात साधारण एक किलो. रक्तात असतं ते अगदी थोडं. पण हृदयाचे ठोके, स्नायूंचं आकुंचन, चेतांचे संदेश या सगळ्याला ते लागतं, त्यामुळे शरीर त्याची पातळी ढळू देत नाही. ती जराशी उतरली की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी संप्रेरक सोडतात आणि हाडांतून कॅल्शियम काढून घेतलं जातं. बँकेतली ठेव मोडून रोजचा खर्च भागवावा, तसा हा प्रकार. खिशात पैसे दिसतात म्हणून ठेव शाबूत आहे असं होत नाही.

हाडांची घनता कळते ती डेक्सा स्कॅनने, म्हणजे घनता मोजणाऱ्या खास एक्स-रे तपासणीने. त्यातला टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुणांच्या घनतेशी तुलना करून काढलेला आकडा, उणे 2.5 किंवा त्याहून खाली असेल तर त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, म्हणतात. हा आजार दुखत नाही, आणि हीच त्याची खरी अडचण. दुखायला लागलं की बघू, असं म्हणणाऱ्याला पहिली खूण मिळते ती बहुधा मनगट, मणका किंवा खुबा मोडल्यावर. कित्येकदा मणका दबल्याचंही कळत नाही, फक्त पोक येतं आणि उंची घटते. तरुणपणच्या उंचीपेक्षा 4 सेंटिमीटर किंवा जास्त उंची कमी झाली असेल तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका, तपासणी करा. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटल्यामुळे स्त्रियांची हाडं झपाट्याने विरळ होतात. पुरुषांची झीज उशिरा आणि संथ असते, पण तीही होते.

नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांवर विसंबणं ही याच चुकीची पुढची पायरी. ड जीवनसत्त्व पुरेसं नसेल तर आतडं कॅल्शियम नीट शोषत नाही. लहान मुलांत या कमतरतेने मुडदूस होतो, मोठ्यांत हाडं मऊ पडतात. आणि मनाने दोन्ही भरमसाट घेतलं तर मूतखड्याचा धोका वाढतो. आधी तपासणी, मग डोस.

मुलाचं हाड म्हणजे मोठ्यांच्या हाडाची छोटी प्रत नव्हे

जन्माच्या वेळी बाळाच्या शरीरात साधारण 270 ते 300 हाडं असतात. पुढे अनेक एकमेकांत मिसळतात आणि मोठेपणी 206 उरतात. बाळाच्या गुडघ्याला वाटीच नसते असं म्हणतात, तेही अर्धवट खरं. वाटी असते, पण कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक ऊतीची. तिच्यात हाड धरायला सुरुवात होते ती साधारण तिसऱ्या ते सहाव्या वर्षी. टाळू ही कवटीच्या हाडांमधली मोकळी जागा आहे. तिच्यामुळे जन्मताना कवटी थोडी दबू शकते आणि पुढे मेंदूला वाढायला वाव मिळतो. पुढची टाळू बहुधा दीड वर्षाच्या सुमारास भरते. ती दाबून किंवा चोळून लवकर भरत नाही, तसा प्रयत्नही करू नये.

लांब हाडं मधून ताणली जाऊन वाढत नाहीत. दोन्ही टोकांजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते, तिला वाढचकती म्हणू. तिथे कूर्चा तयार होत जाते आणि तिच्या मागे हाड बनत जातं. पौगंडावस्थेच्या अखेरीस ही चकती हाडाने भरून जाते. मुलग्यांतही हे काम इस्ट्रोजेनच करतं, हे अनेकांना ठाऊक नसतं. एकदा चकती बंद झाली की लोंबकळून, ताणून किंवा पावडरी खाऊन उंची वाढत नाही. तसं सांगून कोणी काही विकत असेल तर पैसे वाचवा.

आता खरी काळजीची गोष्ट. मुलांमध्ये ही चकती सांध्याच्या बंधांपेक्षाही कमकुवत असते. ज्या पडण्याने मोठ्या माणसाचा घोटा नुसता मुरगळला असता, त्यात मुलाची वाढचकती दुखावू शकते. कूर्चा एक्स-रेवर दिसत नाही, त्यामुळे फोटो साफ आला तरी सांध्याजवळच्या हाडावर बोट ठेवताच मूल कळवळत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवाच. दुर्लक्ष झालं तर ते हाड आखूड राहू शकतं किंवा तिरकं वाढू शकतं. मुलांची हाडं जुळताना थोडा वाकडेपणा वाढीबरोबर आपोआप सरळ होतो, पण पीळ बसला असेल तर तो तसाच राहतो. म्हणून ‘लहान आहे, होईल नीट’ हे प्रत्येक वेळी लागू पडत नाही.

‘हलवता येतंय, म्हणजे मोडलेलं नाही’

साफ चूक. तडा गेलेल्या हाताची बोटं हलतात, मोडलेल्या पायावर काही जण चालतही येतात. सगळ्यांत जास्त फसवतं ते मनगटातलं स्कॅफॉइड. हात टेकून पडल्यावर, अंगठ्याच्या मुळाशी एरवीही जो खळगा असतो तिथे दुखलं तर या हाडाचा संशय घ्यावा. याचा तडा पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही, म्हणून आधार बांधून 10 ते 14 दिवसांनी पुन्हा फोटो काढतात किंवा एमआरआय करतात. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकातून मिळतं. मधे तडा गेला की मागच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो तुकडा मरू शकतो. ‘मुका मार आहे’ म्हणून मनगट चोळत बसणं इथे फार महागात पडतं.

संशय असेल तर भाग आहे त्या स्थितीत आधार देऊन बांधा. ओढून सरळ करू नका.

काही छोट्या चुका

पुरुषांना एक बरगडी कमी असते, हे खरं नाही. दोघांनाही 12 जोड्या असतात. कुणाकुणाला मानेजवळ एखादी जास्तीची बरगडी निघते, ती स्त्री-पुरुष कुणालाही. 206 हा आकडाही सगळ्यांना तंतोतंत लागू होत नाही, माकडहाडातल्या मणक्यांची संख्यासुद्धा माणसागणिक बदलते.

‘पाठ काठीसारखी सरळ ठेव’ हा सल्लाही सोडून द्या. पाठीच्या कण्याला चार नैसर्गिक बाक असतात आणि धक्का त्यांतूनच जिरतो. बाक घालवायचे नसतात, फक्त एकाच स्थितीत तासन्‌तास बसायचं नसतं.

बोटं मोडल्याचा आवाज हाडं घासल्याचा नाही. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. दुखत नसेल तर काळजी नको.

प्लास्टर काढल्यावर जुळलेली जागा कायमची आधीपेक्षा मजबूत होते, हाही समज चुकीचा. भरून आलेलं नवं हाड सुरुवातीला ओबडधोबड असतं. त्याला मूळ आकार यायला महिने, कधी वर्षंही लागतात. दरम्यान स्नायू बारीक झालेले असतात आणि सांधा आखडलेला असतो. भार किती आणि केव्हापासून टाकायचा ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा, फिजिओथेरपी अर्धवट सोडू नका, आणि धूम्रपान करत असाल तर निदान हाड जुळेपर्यंत तरी पूर्ण बंद ठेवा, कारण त्याने हाड जुळायला उशीर होतो.