खिडकीबाहेरचे शहर कापडावर कसे छापावे

न्यूयॉर्कच्या डब्ल्यू. अँड जे. स्लोन या दुकानासाठी अमेरिकी कापड-डिझायनर रूथ रीव्ह्ज यांनी १९३० मध्ये ‘मॅनहॅटन’ नावाचे सुती कापड चितारले. ठशांनी छापलेल्या या कापडावर उंच इमारती, पूल, जहाजे, विमाने एकमेकांच्या अंगावर चढल्यासारखी दाटली आहेत. लांबचे लहान, जवळचे मोठे असा हिशेबच नाही. रीव्ह्ज पॅरिसमध्ये फ्रेंच चित्रकार फर्नां लेजे यांच्याकडे शिकल्या होत्या, त्या शिकवणीची खूण इथे दिसते. पुढे १९५६ मध्ये त्या भारतात आल्या, इथल्या हस्तकलांवर काम केले आणि १९६६ मध्ये दिल्लीतच वारल्या.

असे कापड घरी छापता येते. फक्त सुरुवात पडद्याने करू नका. १० सेंमीचा ठसा ४० सेंमीच्या उशीच्या अभ्र्यावर १६ वेळा उठवला की झाले. एक मीटर रुंद, दोन मीटर लांब पडद्याला २०० वेळा उठवावा लागतो.

काय काढायचे? प्रसिद्ध स्थळे टाळा, नाहीतर अभ्रा पर्यटकांच्या दुकानातला वाटतो. खिडकीत उभे राहा आणि जे रोज दिसते म्हणून दिसेनासे झाले आहे ते टिपा: गच्चीवरच्या टाक्या, जाळ्या, बांबूची परांची, बसचे कपाळ. त्यातले तीन-चारच आकार घ्या. सावली नको, आकाश आणि जमीन तर नकोच. क्षितिज आले की त्याचे निसर्गचित्र होते आणि ठसे शेजारी ठेवल्यावर आडवे पट्टे उमटतात.

जोड लपवणे. सगळी गंमत इथे आहे. १० सेंमीच्या चौकोनी कागदावर मधोमध चित्र काढा, कडांना शिवू नका. कागद उभा मधोमध कापा, डावा तुकडा उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवून मागून चिकटपट्टी लावा. मग आडवा कापून वरचा तुकडा खाली घ्या. आता चित्राचे तुकडे चार कोपऱ्यांत गेले आणि मधली जागा रिकामी झाली. ती उरलेल्या आकारांनी भरा, पुन्हा कडा सोडून. हा चौकोन कितीही वेळा शेजारी-शेजारी छापा, अर्धी टाकी पुढच्या छापातल्या अर्ध्या टाकीला बरोबर जुळते.

कोरणे. चित्र मऊ पेन्सिलीने ट्रेसिंग पेपरवर उतरवा, कागद लिनोवर, म्हणजे कोरायच्या लिनोलियमच्या तुकड्यावर, पालथा घाला आणि चमच्याने घासा. म्हणजे लिनोवर उलटे आणि कापडावर सुलटे येते. पहिल्या खेपेला मी घाईत थेट लिनोवरच काढले. दुपारभर कोरले आणि बसच्या कपाळावरचा ८४ आरशात पाहिल्यासारखा उमटला. कोरणी नेहमी अंगापासून दूर ढकला. दुसरा हात तिच्या वाटेत नको.

छापणे. मांजरपाट घ्या. गरम पाण्यात धुऊन खळ काढा. तेव्हाच तो आटतोही. वाळवून इस्त्री करा आणि हलक्या पेन्सिलीने १० सेंमीच्या चौकटी आखा. टेबलावर जुनी घोंगडी, तिच्यावर चादर, मग कापड: खाली मऊ असले की छाप भरीव येतो. लिनो लाकडी ठोकळ्यावर चिकटवा, कापडी रंग रुळाने पातळ लावा आणि तळव्याने सगळीकडून दाबा. आधी चिंधीवर दोन-तीन छाप उठवा, पहिला बहुधा फिकाच येतो. रंग एकच घ्या. दुसरा रंग म्हणजे दुसरा ठसा आणि जुळवाजुळवीची दुप्पट कटकट.

पक्के करणे. दिवसभर वाळू द्या. मग उलट्या बाजूने, वाफ बंद ठेवून, बाटलीवर लिहिले असेल तितका वेळ गरम इस्त्री फिरवा.

हात बसला की पडदा. त्याला खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापड लागते, कारण चुण्यांत निम्मे गडप होते. म्हणून ठसा १० सेंमीचाच ठेवा; मोठी इमारत काढलीत तर चुणीत घुसून तिचा नुसता एक कोपरा दिसतो.