नव्याने विंडोज टाकल्यावर ड्रायव्हर पॅक कसा वापरावा

जुन्या संगणकात विंडोज नव्याने टाकून झाले, डेस्कटॉप समोर आला, आणि पाहावे तर पडद्यावरची अक्षरे बटाट्याएवढी, आवाज बंद आणि वायफायचे चिन्हच गायब. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपल्यापासून घरोघरी पुन्हा विंडोज टाकण्याचे काम निघाले आहे, त्यामुळे ही तक्रारही वाढली आहे. अशा वेळी दुकानातला मुलगा खिशातून पेन ड्राइव्ह काढतो, त्यातला ड्रायव्हर पॅक चालवतो, ‘सगळे निवडा’वर टिचकी मारतो आणि चहाला जातो. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी सोडून बाकी सगळे करण्यासारखे आहे. ‘सगळे निवडा’ हे बटण मात्र टाळावे, एवढेच सांगण्यासाठी हा लेख आहे.

ड्रायव्हर म्हणजे एखादे उपकरण कसे चालवायचे ते विंडोजला सांगणारा छोटा प्रोग्रॅम. ड्रायव्हर पॅक म्हणजे हजारो उपकरणांच्या ड्रायव्हरांचा दाबून बांधलेला गठ्ठा, आणि त्यातून आपल्या संगणकाला लागेल ते शोधून काढणारा एक छोटा प्रोग्रॅम. प्रत्येक उपकरण स्वतःची ओळख क्रमांकाने सांगते. प्रोग्रॅम तो क्रमांक वाचतो आणि गठ्ठ्यातल्या सूचीशी जुळवतो. इंटरनेट नसतानाही हे चालते, हाच त्याचा खरा उपयोग.

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेसाठी बारा जुने संगणक मांडून देताना मी जो क्रम ठरवला, तो पुढे देत आहे.

आधीची तयारी. विंडोज पुसण्यापूर्वी संगणक चालू होत असेल, तर त्यात असलेले ड्रायव्हर आधी बाहेर काढून ठेवावेत. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग दिवसभर शोधत बसतात. पेन ड्राइव्हवर एक रिकामे फोल्डर करावे, कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा आणि विंडोजमध्येच असलेल्या पीएनपीयूटिल (pnputil) या आज्ञेला एक्सपोर्ट-ड्रायव्हर (/export-driver) हा पर्याय, त्यापुढे तारांकन आणि शेवटी त्या फोल्डरचा पत्ता द्यावा. बाहेरून टाकलेला प्रत्येक ड्रायव्हर त्या फोल्डरात येऊन पडतो. विंडोज त्याच पिढीचे टाकायचे असेल, तर पुष्कळदा एवढ्यावरच काम भागते आणि पॅकची गरजच पडत नाही.

पॅकसाठी ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्यावा. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत, एक फेरी मारली की मिळतो. तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, म्हणून एक्सफॅट किंवा एनटीएफएस निवडावे. आणि शक्य तर हे काम गुरुवारी काढू नये. पुण्यात गुरुवार हा बहुधा देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार असतो, आणि ड्रायव्हर अर्धवट बसलेला असताना वीज जाणे म्हणजे केलेले काम पुन्हा करणे. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली असावी आणि चार्जरही लावलेला असावा.

पॅक निवडताना. काही लोकप्रिय पॅक ड्रायव्हरांबरोबर ब्राउझर, अँटिव्हायरस आणि आणखी दोन-चार नको असलेली सॉफ्टवेअर गुपचूप टिक करून ठेवतात. त्यामुळे माझी पसंती स्नॅपी ड्रायव्हर इन्स्टॉलर ओरिजिन या मुक्तस्रोत प्रोग्रॅमला आहे: तो संगणकात बसवावा लागत नाही, पेन ड्राइव्हवरूनच चालतो आणि जाहिराती दाखवत नाही. पहिल्यांदा उघडल्यावर तो तीन मार्ग पुढे ठेवतो: सगळे पॅक उतरवणे, फक्त नेटवर्कचे पॅक उतरवणे, किंवा फक्त सूची उतरवणे. एकच संगणक उभा करायचा असेल, तर नेटवर्कचे पॅक पुरतात. एकदा इंटरनेट सुरू झाले की बाकीचे तिथल्या तिथे मागवता येते. पॅक टॉरेंटने, म्हणजे इतर वापरकर्त्यांच्या संगणकांवरून तुकड्यातुकड्याने, उतरतात, त्यामुळे वसतिगृहाच्या किंवा कार्यालयाच्या जोडणीवर ते अडकू शकतात. घरून उतरवून न्यावेत.

विंडोज टाकताना डिस्कच दिसली नाही तर. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर हे होते. कारण डिस्क व्हीएमडी नावाच्या नियंत्रकामागे असते आणि विंडोजच्या सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. पॅकचा प्रोग्रॅम इथे चालवता येत नाही, कारण विंडोज अजून उभेच राहिलेले नसते. लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घेऊन तो आधीच उलगडून ठेवावा आणि सेटअपमधल्या ‘लोड ड्रायव्हर’ या बटणातून आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कसा बसवायचा ते सांगणारी फाइल) असलेले फोल्डर दाखवावे.

विंडोज उभे राहिल्यावर. लगेच पॅककडे धावू नये. इंटरनेट असेल तर विंडोज अपडेट चालवून संगणक पुन्हा सुरू करावा. इंटरनेट नसेल, तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून त्याचे यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचे इंटरनेट केबलने संगणकाला देण्याची सोय, सुरू करावे. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो, म्हणून वायफाय मुके असतानाही ही युक्ती चालते. मग स्टार्टवर उजवी टिचकी मारून डिव्हाइस मॅनेजर (संगणकातल्या उपकरणांची यादी) उघडावा आणि पिवळी उद्गारचिन्हे मोजावीत. चिन्ह असलेल्या उपकरणाच्या गुणधर्मांत ‘कोड २८’ दिसला, तर त्याचा अर्थ एवढाच की ड्रायव्हर बसलेला नाही. उपकरण बिघडलेले असेलच असे नाही.

इथली नावे पाहून घाबरून जायला होते, पण ती ओळखीची करून घ्यावीत. ‘नेटवर्क कंट्रोलर’ म्हणजे बहुधा वायफाय आणि ‘इथरनेट कंट्रोलर’ म्हणजे तारेचे नेटवर्क. ‘एसएम बस कंट्रोलर’ हे चिपसेटचे, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांचे, काम आहे. इंटेलच्या संगणकावर ‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’ हे नाव वाचून लोक मॉडेम शोधतात. बहुतेक वेळा ते इंटेल मॅनेजमेंट इंजिन, म्हणजे चिपसेटमधला इंटेलचा छोटा स्वतंत्र नियंत्रक, असते. नुसतेच ‘अननोन डिव्हाइस’ लिहिलेले असेल, तर गुणधर्मांतल्या ‘डिटेल्स’ टॅबवर जाऊन ‘हार्डवेअर आयडी’ पाहावा. पीसीआय उपकरण असेल तर त्यातल्या व्हीईएन या अक्षरांपुढची चार चिन्हे कंपनी सांगतात: ८०८६ म्हणजे इंटेल, १००२ म्हणजे एएमडी, १०डीई म्हणजे एनव्हीडिया, १०ईसी म्हणजे रिअलटेक. इंटेलने आपला क्रमांक स्वतःच्याच जुन्या प्रोसेसरवरून घेतला, त्यामुळे तो एकदा वाचला की विसरत नाही.

आता पॅक. प्रोग्रॅम उघडल्यावर रिस्टोअर पॉइंट (काही बिघडल्यास विंडोजला परत नेता येईल अशी आधीच्या स्थितीची नोंद) करण्याची चौकट आधी निवडावी. ही नोंद ठेवणारे विंडोजमधले सिस्टिम प्रोटेक्शन पुष्कळदा बंद असते, ते सुरू आहे ना हेही पाहून घ्यावे. मग यादीत ज्यांना ड्रायव्हर मुळीच नाही, तेवढ्यांवरच खूण करावी. ‘अधिक नवा उपलब्ध’ अशा ओळींना हात लावू नये, आणि याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे.

ड्रायव्हरची तारीख ही त्याच्या वयाची खूण असेलच असे नाही. विंडोजबरोबर येणाऱ्या कितीतरी ड्रायव्हरांवर २१ जून २००६ ही तारीख असते, मग विंडोज कालचे का असेना. इंटेलच्या चिपसेट फाइलींवर तर १८ जुलै १९६८ लिहिलेले दिसते. तो कंपनीच्या स्थापनेचा दिवस आहे. संगणकाच्या किंवा उपकरणाच्या कंपनीने खास बनवलेला ड्रायव्हर आधीच बसलेला असेल, तर त्याला आपल्या सर्वसाधारण फाइलीने बाजूला सारू नये, म्हणून मुद्दाम ही जुनी तारीख टाकतात. तारखेकडे पाहून ‘नवा’ ठरवणाऱ्या यादीवर आंधळा विश्वास ठेवला, तर चांगला चाललेला ड्रायव्हर काढून त्याजागी सर्वसाधारण ड्रायव्हर बसवण्याची वेळ येते. मी स्वतः एका लॅपटॉपवर घाईने सगळ्या ओळी निवडल्या होत्या; पुन्हा सुरू केल्यावर टचपॅडवरचे दोन बोटांनी सरकवणे बंद झाले आणि हेडफोन लावला तरी आवाज स्पीकरमधूनच येत राहिला. रिस्टोअर पॉइंट होता म्हणून अर्ध्या तासात सुटलो.

एखाद्या ओळीबद्दल शंका असेल, तर तिच्यावर माउस नेऊन थांबावे. बसलेला आणि पॅकमधला ड्रायव्हर यांची तुलना छोट्या चौकटीत दिसते. आधी चिपसेट, मग नेटवर्क, मग बाकीचे, असे दोन-तीन हप्त्यांत बसवावे आणि मधे संगणक पुन्हा सुरू करावा, म्हणजे काही बिघडले तर कोणामुळे ते कळते. लॅपटॉपचे ग्राफिक्स, टचपॅड आणि आवाज यांचे ड्रायव्हर पॅकमधून न घेता कंपनीच्या पानावर मॉडेल किंवा सर्व्हिस टॅग (कंपनीने त्या लॅपटॉपला दिलेला ओळख क्रमांक) घालून घ्यावेत. बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी संगणक सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम, तर पॅकच्या भरवशावर कधीच बदलू नये.

बसवलेला ड्रायव्हर नडला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या ‘ड्रायव्हर’ टॅबवर ‘रोल बॅक’ असते. ते बटण फिके असेल, तर मागचा ड्रायव्हर शिल्लक नाही असे समजून रिस्टोअर पॉइंटकडे वळावे.

एकसारखे अनेक संगणक असतील तर पॅक फक्त पहिल्यावर चालवावा. त्याचे सगळे सुरळीत झाले की सुरुवातीला सांगितलेल्या आज्ञेने ड्रायव्हर बाहेर काढावेत, फोल्डरला मॉडेल आणि विंडोजची आवृत्ती यांचे नाव द्यावे, आणि पुढच्या संगणकांवर डिव्हाइस मॅनेजरमधून ‘ब्राउझ’ करून, आतली फोल्डरेही शोधण्याची चौकट निवडून, तेच फोल्डर दाखवावे. अभ्यासिकेत पहिल्या संगणकाला जवळपास पूर्ण दुपार लागली आणि पुढचे दहा संध्याकाळपर्यंत झाले. बाराव्यात कोणीतरी मधल्या काळात वायफायचे कार्ड बदललेले निघाले, तेव्हा पॅक पुन्हा उघडावा लागला आणि त्यातली एकच ओळ निवडावी लागली.