जोडफळीतून पाचरी : लेथवरच्या दुरंगी तबकडीची आखणी आणि कापणी

कातकामातल्या एखाद्या वाडग्याच्या बुडाशी किंवा डब्याच्या झाकणावर सागाच्या तपकिरी आणि शिवणीच्या फिकट लाकडाची एकाआड एक वलये दिसतात, तेव्हा ती रंगवलेली किंवा वरून जडवलेली नसतात. दोन लाकडांच्या पट्ट्या जोडून आधी एक फळी केलेली असते, त्या फळीतून त्रिकोणी पाचरी कापलेल्या असतात आणि पाचरींची टोके मध्यभागी आणून तबकडी जोडलेली असते. लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, हत्यार लावायच्या कितीतरी आधी, पट्ट्यांना सरस लावतानाच नक्षी ठरून गेलेली असते. म्हणून या कामात कागद आणि पेन्सिलीला करवतीइतकाच मान द्यावा.

येथे १२ पाचरींची, कातून १७० मिलिमीटर व्यासाची होणारी तबकडी घेऊ. पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश १२ जणींत वाटले की प्रत्येक पाचरीचा टोकाचा कोन ३० अंशांचा येतो, म्हणजे प्रत्येक काप फळीच्या लांबीला काटकोनात असलेल्या रेषेपासून १५ अंशांनी तिरका. पाचरी कितीही असोत, १८० ला त्यांच्या संख्येने भागले की कापाचा कोन मिळतो : ८ पाचरींना साडेबावीस अंश, १६ पाचरींना सव्वाअकरा. जोडलेली तबकडी आधी बारा बाजूंची असते आणि कोपरे उडवून ती गोल करायची असते, त्यामुळे पाचरीची उंची ८५ ऐवजी ९० मिलिमीटर धरू. रुंद बाजू, जिला मी पाचरीची पाठ म्हणतो, ती उंचीच्या दुपटीला १५ अंशांच्या टॅनने, म्हणजे ०.२६८ ने गुणून काढावी. ती ४८.२ मिलिमीटर येते.

आता पट्ट्या. ९० मिलिमीटर उंचीत साग, शिवण, साग, शिवण अशा चार पट्ट्या २५, २०, २० आणि २५ मिलिमीटर रुंदीच्या घ्याव्यात. कडेच्या पट्टीचे ५ मिलिमीटर कातण्यात जातात आणि ती इतरांसारखीच २० ची दिसू लागते. मग दोन्ही कडा सारख्या का, असा प्रश्न पडेल, आणि या कामातली सगळ्यात सुंदर गोष्ट त्यातच आहे. त्रिकोण एकामागून एक कापत गेले की त्यांची टोके आळीपाळीने फळीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या कडेला येतात. निम्म्या पाचरींच्या टोकाशी साग येतो, निम्म्यांच्या टोकाशी शिवण. एकाच फळीतून दोन तबकड्या निघतात, एक दुसरीची उलट प्रत. दोन्ही प्रकारच्या पाचरी एकाच तबकडीत आलटूनपालटून बसवल्या, तर वलयांऐवजी बुद्धिबळाच्या पटासारखी चौकट फिरत जाते. मात्र पट्ट्यांच्या रुंदी दोन्ही कडांकडून सारख्या असतील तरच शेजारच्या पाचरींचे सांधे एका रेषेत येतात. पट्ट्या पाच घेतल्या आणि दोन्ही कडांना साग ठेवला, तर सगळ्या पाचरी सारख्याच निघतील.

दोन तबकड्यांच्या २४ पाचरी लागतात. त्रिकोण एकमेकांत उलटसुलट बसत असल्याने प्रत्येक पाचर फळीच्या लांबीतून सरासरी पाठीच्या निम्मी, म्हणजे सुमारे २४ मिलिमीटर खाते, आणि ३ मिलिमीटरचे पाते तिरक्या कापात आणखी ३ मिलिमीटर किंवा किंचित जास्त. २४ पाचरींना साडेसहाशेच्या आसपास लागतात. सुरुवातीचा वाया जाणारा त्रिकोण आणि हात पात्यापासून दूर राहावा म्हणून शेवटी न कापता सोडायचे २०० मिलिमीटर धरून फळी ९०० ची करावी.

पट्ट्या जोडण्याआधी त्यांच्या कडा रंध्याने अशा सरळ कराव्यात की दोन पट्ट्या नुसत्या टेकवून खिडकीसमोर धरल्या तर मधून उजेड दिसणार नाही. सागाच्या अंगात तेल असते, तेव्हा सरस लावण्याच्या लगेच आधी त्याची कड ॲसिटोनने पुसून घ्यावी. क्लॅम्प लावून फळी २४ तास हलवू नये, मग दोन्ही बाजू रंधून समतल कराव्यात आणि लांब कडा समांतर आहेत ना हे मापून पाहावे. या कडा करवतीवरच्या आधारपट्टीला टेकूनच पुढचा प्रत्येक काप होणार आहे.

कापण्यासाठी टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून गोल पाते वर आलेल्या करवतीवर, सरकणारा पाट, म्हणजे स्लेड, करावा आणि त्यावर दोन आधारपट्ट्या बसवाव्यात. एक काप पहिल्या पट्टीला टेकवून घ्यायचा, पुढचा दुसरीला. दोन्ही पट्ट्या पात्याच्या काटकोनापासून वेगवेगळ्या अचूक १५ अंशांत असण्यापेक्षा त्यांच्या आपसातला कोन बिनचूक ३० अंशांचा असणे महत्त्वाचे आहे, कारण पाचरीचा कोन त्यातूनच ठरतो. कंपासपेटीतला ३० अंशांचा गुण्या दोन्ही पट्ट्यांच्या मध्ये घट्ट बसवून मगच स्क्रू आवळावेत. येथे हयगय करू नये. प्रत्येक कापात दशांश अंश चुकला, तर तबकडीच्या २४ कापांत ती चूक २.४ अंश होते आणि ९० मिलिमीटर त्रिज्येवर जवळजवळ पावणेचार मिलिमीटरची फट पडते.

लांबीसाठीचा थांबा, म्हणजे माप ठरवणारा ठोकळा, स्लेडवर न लावता टेबलावर, पात्याच्या बराच अलीकडे लावावा. फळीचे पुढे आलेले टोक त्याला टेकवायचे आणि स्लेड पुढे सरकवायचा. पाते लाकडाला लागेपर्यंत फळी थांब्यापासून सुटलेली असते आणि कापलेली पाचर कशातही अडकून उडत नाही. फळी तिरकी असल्याने थांबा आणि पाते यांतले अंतर ४८.२ नव्हे, तर ४६.६ मिलिमीटर ठेवावे. कापलेली पाचर बोटाने उचलू नये. पाते पूर्ण थांबू द्यावे, किंवा लांब काडीने ती बाजूला सारावी. शिसवासारखे लाकूड वापरणार असाल तर त्याचा भुसा त्वचेला आणि छातीला बाधतो, म्हणून मास्क हवाच.

पहिल्या १२ पाचरी स्वस्त लाकडाच्या कापाव्यात. त्या रबरबँडने गोल बांधून उजेडात धराव्यात. फट बाहेरच्या कडेला दिसली तर कोन कमी पडतो आहे, मध्यभागी दिसली तर जास्त होतो आहे. सुधारणा करून पुन्हा १२ कापाव्यात. खऱ्या फळीच्या पाचरी कापल्या जातील तसे पाठीवर क्रमांक टाकावेत, म्हणजे शेजारच्या पाचरींची रेषा जुळवता येते.

कापलेला पृष्ठभाग बहुतांशी लाकडाच्या तंतूंना आडव्या छेदाचा असल्याने तो सरस पिऊन टाकतो. आधी पातळ हात द्यावा, काही मिनिटे थांबावे आणि मग दुसरा हात देऊन जोडावे. सहा-सहा पाचरींची दोन अर्धवर्तुळे करून त्यांच्या सरळ कडा काचेवर चिकटवलेल्या पॉलिशपेपरवर घासाव्यात आणि ती एकमेकांना जोडावीत. उरलीसुरली चूक त्या एका सांध्यात निघून जाते.

मोठ्या मापाचा मोह मात्र टाळावा. लाकूड तंतूंच्या लांबीत जवळजवळ वाढत नाही, आडवे मात्र हवेप्रमाणे फुगते आणि आकसते. पाचरीत तंतू पाठीला समांतर असतात. पावसाळ्यात पाचर उंच होते, पाठ तेवढीच राहते, कोन बारीक होतो आणि बाराही कोनांची बेरीज ३६० ला कमी पडू लागते. पुण्यात एका मे महिन्यात जोडलेली माझी मोठी तबकडी ऑगस्टमध्ये बाहेरच्या कडेने तीन सांध्यांत उकलली होती. केसाएवढ्या त्या फटींत सरसही नीट शिरत नव्हता. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत याच्या उलट, ताण मध्यभागी येतो. साग आणि शिवण ऋतूबरोबर कमी हलतात, म्हणून ही जोडी मला भरवशाची वाटते. तरी फळी जोडण्याआधी लाकूड दोन-तीन आठवडे कामाच्याच खोलीत ठेवावे आणि याहून मोठी तबकडी हवी असेल तर भरीव न करता मध्य मोकळा ठेवून वलय करावे.

बारा टोके एका बिंदूत कधीच स्वच्छ मिळत नाहीत, आणि ती नाजूकही असतात. तबकडी लेथवर चढवून दोन्ही बाजू सपाट केल्यावर मध्यात २० मिलिमीटर व्यासाचे छिद्र घ्यावे आणि त्यात पहिल्या वलयाच्या विरुद्ध रंगाची गोल गुल्ली सरस लावून ठोकावी. सागाच्या टोकांच्या तबकडीला शिवणीची गुल्ली बसते, शिवणीच्या टोकांच्या तबकडीला सागाची.