जुना पीसी हार्ड डिस्कवरून सुरूच होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

नाशकात सिडकोतल्या मामांचा पीसी २०१० सालचा. द्राक्षबागेचा सगळा हिशोब त्यातच. महिनाभर निफाडला राहून आले, बटण दाबलं, तर विंडोजचं चिन्ह, डोळ्यांदेखत निळा पडदा आणि पुन्हा रीस्टार्ट. दुरुस्तीवाल्याने कव्हरही न उघडता सांगितलं, डिस्क गेली. "अरे, आता व्यापाऱ्यांची बाकी कुठून काढू?" मामांचा फोन.

डिस्क ठणठणीत होती. संपला होता मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल, सीआर२०३२. पीसीला वीज मिळते तोवर या ३ व्होल्टच्या सेलवर फारसा भार नसतो. महिनाभर मेन स्विच बंद राहिला आणि म्हातारा सेल बसला. मग बायोस, म्हणजे पीसी सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम, आपल्या सेटिंग्ज सगळ्या विसरतो. घड्याळ थेट १ जानेवारी २००९ वर, आणि साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) नव्या एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर. विंडोज एएचसीआयमध्ये टाकलेलं, म्हणून निळा पडदा. नवा सेल, तारीख, मोड पूर्ववत. पीसी सुरू!

म्हणून विंडोजची सीडी शोधण्याआधी, पीसी चालू करताच डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये शिरा. तारीख बघा, डिस्कचं नाव दिसतंय का बघा. नाव दिसत असेल तर मोड आणि बूटचा क्रम, म्हणजे पीसी आधी कुठून सुरू व्हायला बघतो ते, तपासा. मागे पेनड्राइव्ह अडकलेला नाही ना, तेही. (हसू नका, मी स्वतः यात अर्धा तास घालवलाय.)

नावच दिसत नसेल तर लगेच नवी डिस्क घेऊ नका. भिंतीतला प्लग काढा, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा आणि डीव्हीडी रायटरची डेटा केबल काढून डिस्कला लावा. रायटर नाहीतरी वर्षानुवर्षं पडूनच असतो. विजेची पिनही बदलून पाहा.

डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर मात्र हात आवरा. बरेच जण इथे चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) चालवतात, हीच सगळ्यात महाग चूक. मरायला टेकलेल्या डिस्कला ते कोपरान् कोपरा वाचायला लावतं, वर त्याच डिस्कवर दुरुस्त्या लिहितं. डेटा मोलाचा असेल तर पीसी तिथेच बंद करा आणि डिस्क डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना उपाय कुणी ना कुणी सांगेलच. बाहेर काढली की डिस्कवर दव धरतं, आणि पावसाळ्यातल्या नाशकात तर विचारूच नका.