रेंज फुल, तरी नेट बंद: वायफायची हवा वाचायला शिकताना

पहिल्या नोकरीच्या चौथ्या महिन्यात मला पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत पाठवलं. दोन मजले, शंभरावर मुलं, बहुतेक स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी. सगळ्यांची तक्रार एकच: "ताई, रेंज फुल दाखवतंय, पण पीडीएफ उघडत नाही."

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी वायफाय बसवण्या-दुरुस्त करण्याच्या या कामात आले होते. रेंज चांगली तर वायफाय चांगलं, ही तेव्हाची माझी समजूत. दोन कोपऱ्यांत सिग्नल थोडा कमी दिसला म्हणून आणखी दोन ॲक्सेस पॉइंट (एपी, म्हणजे वायफायचा सिग्नल देणारी पेटी) बसवले. दोनाचे चार एपी झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक काकांचा फोन आला. आधी जे थोडंफार चालत होतं तेही आता थांबलं होतं आणि एक मुलगी परीक्षेचा अर्ज भरायला खाली सायबर कॅफेत गेली होती. ते ऐकून मला फार वाईट वाटलं. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी लिहायला बसले ते त्या फोनमुळेच.

कोर्समध्ये आपण केबल, स्विच, आयपी पत्ता हे मन लावून शिकतो. वायरलेसचा धडा शेवटी येतो आणि बहुतेक वेळा घाईत उरकला जातो. मग मनात चित्र राहतं ते असं, की राउटर मध्ये बसलाय आणि एकेका फोनला बोलवून नंबर देतोय. नेहमीच्या वायफायमध्ये असं कोणी नंबर देत नाही. एका चॅनेलवरचे, म्हणजे रेडिओ लहरींच्या एकाच पट्ट्यावरचे, सगळे फोन, लॅपटॉप आणि खुद्द एपी एकाच रांगेत उभे असतात आणि रांगेची शिस्त ज्याची त्यानेच पाळायची असते.

ती शिस्त समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पाठवण्याआधी ऐकायचं. हवा शांत असेल तर 5 गिगाहर्ट्झवर (वायफायच्या 2.4 आणि 5 या नेहमीच्या दोन बँडांपैकी एक) मूळ नियमाप्रमाणे 34 मायक्रोसेकंद थांबायचं. मग 0 ते 15 मधला कुठलाही एक आकडा मनाशी धरायचा आणि 9 मायक्रोसेकंदांच्या एकेका टप्प्याने उलटा मोजत शून्यावर यायचं. मधेच दुसरं कोणी बोललं तर मोजणी थांबते आणि हवा मोकळी झाल्यावर पुढच्या आकड्यापासून सुरू होते. म्हणजे जो थांबून राहिलाय त्याची आधीची मोजणी वाया जात नाही. मला हा नियम फार सुंदर वाटतो. दोघांनी एकच आकडा धरला तर टक्कर होते. रांगेत दोघंच असतील तर ही शक्यता सोळात एक, पण गर्दीत ती झपाट्याने वाढते. टक्कर झाली की पोच, म्हणजे "मिळालं" असा उलट निरोप, येत नाही. मग आकड्यांची मर्यादा 31, 63 अशी वाढत 1023 पर्यंत जाते.

मुलाखतीत हमखास विचारतात, की टक्कर होतानाच ती ओळखून का थांबत नाहीत, जुन्या इथरनेटमध्ये तर तसं होतं. कारण साधं आहे. स्वतः बोलत असताना रेडिओला स्वतःचाच आवाज इतका मोठा असतो, की दूरच्याचा क्षीण सिग्नल त्यात ऐकूच येत नाही. म्हणून टक्कर टाळायची आणि डेटाच्या प्रत्येक पाकिटाची पोच मागायची.

हे सगळं जिथून सुरू झालं ती गोष्टही वाचून ठेवा. 1971 मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या चमूने बेटांवरची टर्मिनल्स रेडिओने मुख्य संगणकाला जोडली. वाटेल तेव्हा पाठवायचं, पोच नाही आली तर थोडं थांबून पुन्हा पाठवायचं. गणिताने या पद्धतीत चॅनेलचा जास्तीत जास्त 18.4 टक्के उपयोग होतो. आधी ऐकण्याची किंमत किती, हे त्या आकड्यावरून मला पहिल्यांदा कळलं.

आता पुन्हा अभ्यासिकेत. आमचे सिनियर सर आले. सिग्नलकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. लॅपटॉपला मॉनिटर मोड (हवेतली सगळी पाकिटं ऐकण्याची सोय) चालणारा यूएसबी ॲडॉप्टर लावला, ती पाकिटं दाखवणारं वायरशार्क हे सॉफ्टवेअर सुरू केलं आणि मला म्हणाले, "आधी हवेत काय चाललंय ते बघ." चारही एपी 6 नंबरच्या चॅनेलवर होते. प्रत्येकावर तीन नेटवर्कची नावं: विद्यार्थी, ऑफिस, पाहुणे. प्रत्येक नाव दर 102.4 मिलिसेकंदाला "मी इथे आहे" अशी हाळी देतं, तिला बीकन म्हणतात. आमचे बीकन सगळ्यात जुन्या, 1 एमबीपीएस वेगाने जात होते. 250 बाइटचा बीकन त्या वेगाने सुमारे 2.2 मिलिसेकंद हवा अडवतो. बारा नावांचे 26 मिलिसेकंद झाले. मुलांचा एकही बाइट जाण्याआधी चॅनेलचा पाव वेळ संपलेला, आणि त्यातला निम्मा मी स्वतः वाढवलेला.

दुसरं दुखणं संथ फोनचं. अरुंद पुलावर एक ट्रक हळू चालला की मागच्या गाड्या कितीही वेगवान असोत, खोळंबतात. 1500 बाइट 54 एमबीपीएसने जायला साधारण 0.22 मिलिसेकंद लागतात, 1 एमबीपीएसने 12. रांगेत दोघांना संधी सारखीच मिळते, पण वेळ सारखा खर्च होत नाही. म्हणून सर मेगाबिट न म्हणता "एअरटाइम", म्हणजे हवेत खर्च होणारा वेळ, म्हणायचे. तुम्हीही हाच शब्द धरा.

तिसरं, वरच्या मजल्यावरचा फोन आणि खालचा फोन एकमेकांना ऐकत नव्हते, एपीला मात्र दोघंही ऐकू येत. दोघांनाही हवा शांत वाटे आणि एपीपाशी टक्कर होई. घाटातल्या आंधळ्या वळणावर दोन्हीकडचं दिसणारा माणूस हात दाखवतो, तसं इथे एपी करू शकतो: फोन छोटी विनंती पाठवतो, एपी "ये" म्हणतो आणि ते "ये" ऐकून बाकीचे ठरलेला वेळ गप्प राहतात.

आम्ही तीन नावांचं एक केलं. 11 एमबीपीएस आणि त्याखालचे जुने वेग बंद केले. 2.4 गिगाहर्ट्झ फक्त दोन एपींवर ठेवलं, चॅनेल 1 आणि 11. चारही एपींचे 5 गिगाहर्ट्झ रेडिओ 36, 40, 44, 48 असे वेगळे केले, प्रत्येक चॅनेलची रुंदी 20 मेगाहर्ट्झच. एकही नवीन वस्तू विकत आणली नाही. दुपारपर्यंत तक्रारी थांबल्या.

वायफाय 6 या नंतरच्या पिढीत एपी खरोखरच नंबर लावू शकतो. 20 मेगाहर्ट्झच्या चॅनेलचे तुकडे करून एका वेळी नऊ जणांपर्यंत वाटतो. पण त्यासाठी आधी त्यालाही बाकीच्यांसारखंच रांगेतून चॅनेल मिळवावं लागतं आणि जुने फोन पुढची कित्येक वर्षं शेजारी असणारच आहेत. त्यामुळे जुना नियम शिकणं वाया जाणार नाही.

शिकायला महागडी लॅब लागत नाही. कागदावर पाच फोनांचे पाच रकाने आखा, चिठ्ठ्या टाकून 0 ते 15 आकडे काढा आणि शंभर फेऱ्या हाताने करा. मग तेच पायथॉनमध्ये लिहा. प्रमाणपत्र हवं असेल तर सीडब्ल्यूएनए ही वायरलेस नेटवर्कची परीक्षा बघा, त्यात हा भाग सविस्तर आहे. आणि पहिल्या साइटवर जाण्याआधी आपल्याच घरची संध्याकाळची दहा मिनिटं वायरशार्कमध्ये पकडून ठेवा. त्यात रीट्राय बिट (पुन्हा पाठवल्याची खूण) लागलेली पाकिटं किती, बीकन कुठल्या वेगाने जातायत आणि शेजारच्यांचे किती एपी तुमच्याच चॅनेलवर आहेत, एवढं वहीत लिहा. मी ती वही अजून जपून ठेवली आहे. पहिल्या पानावर त्या अभ्यासिकेतल्या बारा नावांची यादी आहे.