बीथोवनची सातवी सिंफनी ऐकताना आवाज आधी सेट करा

ऑर्केस्ट्राचा कंडक्टर कार्लोस क्लायबर याचं १९८२ चं म्युनिकमधलं लाइव्ह रेकॉर्डिंग ऐकणार असाल तर आधी डायरेक्ट चौथ्या म्हणजे शेवटच्या मूव्हमेंटच्या (भागाच्या) शेवटावर जा, तिथे ऑर्केस्ट्रा सगळ्यात जोरात वाजतो, तो कानाला सहन होईल इतका व्हॉल्यूम ठेवा आणि मग पहिल्यापासून लावा, मधे हात लावायचा नाही. ॲपमधलं आवाज सारखा करणारं सेटिंग बंदच करा, नाहीतर हळू-जोरातला फरकच मरतो. आणि हेडफोन घ्या, मोबाईलच्या स्पीकरवर कशाला ऐकायचं! क्लायबर व्हायोलिनवाल्यांचे दोन गट, फर्स्ट डावीकडे आणि सेकंड उजवीकडे, असे बसवायचा, त्यामुळे शेवटच्या मूव्हमेंटमधे त्यांची सवालजबाबासारखी जुगलबंदी या कानातून त्या कानात पळते. बाकी खोकले ऐकू येतात, येऊ देत.